आईला दिलेलं रक्त कुठं गेलं?

ऑपरेशनच्या दिवशी आईला दोन पिशव्या रक्त दिलं आणि आठव्या दिवशी ते नाहीसं झालं होतं. सांडलं नाही, गळलं नाही, टाके उसवले नाहीत. अंगात गेलेलं रक्त अंगातल्या अंगात गायब! आता तुम्हीच सांगा, कुठं गेलं असेल?

मी हा प्रश्न हॉस्पिटलमध्ये भेटेल त्याला विचारला. सगळ्यांचं उत्तर एकच, "बाळा, जरा बाहेर थांब." बारा वर्षांच्या मुलीला बाळा म्हणणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो.

मी शलाका म्हेत्रे, राहणार सोलापूर. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. बाबा म्हणतात, उगाच भांडण नको. मला भांडण चाललं असतं.

आईच्या पोटात गाठ होती आणि ती काढली. ऑपरेशनमध्ये रक्त बरंच गेलं, म्हणून रक्तसंक्रमण करावं लागलं (रक्तसंक्रमण म्हणजे एका माणसाचं रक्त दुसऱ्याच्या शरीरात देणं). आमच्या हॉस्पिटलात हे सगळं काम 'रक्तदूत' नावाचा यंत्रमानव करतो. कमरेएवढा उंच, पांढराशुभ्र, चाकांवर फिरतो, पोटात शीतपेटी. नमुना तोच घेतो, तोच तपासतो, जुळणारी पिशवी तोच आणतो आणि चढवतोही. सगळं ठीक असलं की डोक्यावर हिरवा दिवा. सुरुवातीला मला तो फार आवडला होता, त्याच्याबरोबर मी फोटोसुद्धा काढला. आता मी त्याला डबा म्हणते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी या डब्यानं आईला गोड आवाजात विचारलं होतं, "ईश्वरी अभिजित म्हेत्रे, तुम्हाला यापूर्वी कधी रक्त दिलं गेलं आहे का?"

"नाही," आई म्हणाली.

"धन्यवाद. या नावाची जुनी नोंदही सापडत नाही." आणि दिवा हिरवा. संपलं!

आठव्या दिवशी सकाळी आईला घरी सोडणार होते. मी पिशवीत कपडे भरत होते. सांगोल्याची आजी, म्हणजे आईची आई, चहाचा थर्मास धरून कोपऱ्यात बसली होती. आईनं माझ्याकडे बघितलं आणि माझ्या हातातला टॉवेल खालीच पडला. तिच्या डोळ्यांतला पांढरा भाग हळदीसारखा पिवळा झाला होता. तिला ताप होता, उठून बसायचं त्राण नव्हतं. रक्तदूतानं बोटाला चिमटा लावून मोजलं आणि म्हणाला, "हिमोग्लोबिन (रक्तातला प्राणवायू वाहणारा लाल पदार्थ) ऑपरेशनच्या आधीपेक्षाही कमी आहे. तिसरी पिशवी आवश्यक. जुळणी पूर्ण झालेली आहे. मी आणतो."

"आधीच्या दोन पिशव्यांचं काय झालं?" मी विचारलं.

"हा प्रश्न माझ्या कामाच्या कक्षेत नाही," डबा म्हणाला आणि गडगडत निघून गेला.

बाबा औषधं आणायला खाली गेले होते. त्यांना बोलवायला मी जिन्यानं पळत सुटले आणि मुख्य दारापाशी अडकले. तिथं पासची खिडकी आहे, आत-बाहेर करताना पास दाखवावा लागतो. खिडकीत रणपिसेबाई बसतात. केस आखूड, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि कपाळावर कायमची आठी. रोज मी पास दाखवायचे, पासवर माझं नाव ठळक छापलेलं असायचं, तरी या बाई रोज विचारायच्या, "नाव सांग."

त्या दिवशीही तेच. "नाव सांग."

"अहो मावशी, आठ दिवस बघताय मला! वाचा ना पासवर! माझ्या आईचे डोळे पिवळे पडलेत, दिलेलं रक्त गायब झालंय, आणि तुमचं आपलं नाव सांग, नाव सांग!" मला रडूच फुटलं.

बाईंनी चष्मा काढला. "मी कुणाची मावशी नाही. डोळे पिवळे? रक्त कधी दिलं होतं?"

"ऑपरेशनला. आठ दिवस झाले."

"लघवीचा रंग?"

"काळपट. कोऱ्या चहासारखा. मीच सिस्टरना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, पाणी कमी पीत असेल."

"आणि आता आणखी पिशवी देतायत?"

"हो. जुळणी झालीय म्हणे."

"ताजा नमुना घेतला?"

"नाही. काहीच घेतलं नाही."

बाई ताडकन उठल्या. खिडकीपुढं ही मोठी रांग लागली होती. पहारेकरी ओरडला, "ओ बाई, पास कोण देणार?" त्यांनी मागं वळूनही बघितलं नाही. जिना चढता चढता बाईंच्या बोलण्यातून मला कळलं की रणपिसेबाई मुळात पास देणाऱ्या नाहीतच. त्या रक्तसंक्रमणाच्या तज्ज्ञ परिचारिका. त्या विषयाचं वेगळं शिक्षण घेतलेल्या. योग्य माणसाला, योग्य रक्त, योग्य वेळी, आणि गरज असेल तरच मिळतंय ना, हे बघणं हेच त्यांचं काम होतं. डॉक्टरांना, सिस्टरना शिकवायचं, थोडक्यात टळलेल्या चुका शोधायच्या, पेशंटशी बोलायचं. मग रक्तदूत आला. रक्त दिल्यानंतरही जुना नमुना पंधरा दिवस चालेल, असा नियम त्याच्यात घातला गेला, कारण त्यानं खर्च वाचतो. बाई बैठकीत म्हणाल्या, हा नियम माणूस मारेल. महिन्याभरानं त्यांचं पद रद्द झालं आणि त्यांना खिडकी मिळाली.

"नियम बदलला नाही, मला बदललं," बाई धापा टाकत म्हणाल्या.

आम्ही पोचलो तेव्हा डबा आईच्या पलंगाशी पिशवी टांगत होता. बाई सरळ त्याच्या आणि आईच्या मधे उभ्या राहिल्या.

"कृपया बाजूला व्हा. आपली नेमणूक या विभागात नाही," डबा म्हणाला.

"ते मला माहीत आहे रे ठोंब्या. डॉक्टरांना बोलव."

डॉक्टर हंचाटे आले. माणूस वाईट नाही, पण तीन वॉर्ड एकटे सांभाळतात, चालता चालताच वडा खातात. ते वैतागूनच म्हणाले, "रणपिसेबाई, काय हे? जुळलंय रक्त."

"आठ दिवसांपूर्वीच्या नमुन्याशी जुळलंय, डॉक्टर. आजच्या रक्ताशी जुळतं का, हे कुणी बघितलंय? तिचे डोळे बघा तुम्ही."

डॉक्टरांनी आईची खालची पापणी ओढून बघितली. मग त्यांचा चेहराच उतरला. "पिशवी थांबवा," ते म्हणाले. "बाई, नमुना तुम्हीच घ्या."

बाईंनी हात धुतले, आईजवळ बसल्या आणि विचारलं, "तुमचं नाव सांगा."

आईच्या ओठांतून कसंबसं निघालं, "ईश्वरी... म्हेत्रे." जन्मतारीखही विचारली. नमुना घेतला आणि तिथंच, पलंगाशीच, नळीवर स्वतःच्या हातानं नाव लिहिलं.

मी म्हटलं, "नाव तर समोर लिहिलंय भिंतीवर."

"भिंतीला रक्त द्यायचं नाहीये. 'तुम्ही ईश्वरी ना?' असं विचारलं तर आपल्याकडे माणूस हो म्हणतो. ऐकू आलं नाही तरी हो. कळलं नाही तरी हो. डॉक्टरांपुढं नाही कसं म्हणायचं, म्हणून हो! म्हणून नाव आपण सांगायचं नाही, त्याला सांगू द्यायचं. आणि नळीवर नाव टेबलाशी जाऊन लिहायचं नाही. चार नळ्या खिशात घेऊन गेलेल्या माणसाकडून कधी ना कधी अदलाबदल होतेच."

नमुना तपासायला गेला. बाबा औषधं घेऊन आले, पलंगाची कड धरून उभे राहिले. अर्धा तास थांबायचं होतं आणि तो अर्धा तास सरता सरेना. मी बाईंना पुन्हा तोच प्रश्न विचारला, "रक्त गेलं कुठं?" आणि त्या मला बाळा म्हणाल्या नाहीत.

"ऐक नीट. तांबड्या पेशींच्या अंगावर खुणा असतात. त्यांना म्हणायचं प्रतिजन. ए, बी, ओ, पॉझिटिव्ह, निगेटिव्ह, एवढ्या खुणा सगळ्यांना ठाऊक असतात. पण खुणांची कुटुंबं बरीच आहेत, त्यातलं एक किड नावाचं. कीडमुंगी नव्हे, एका परदेशी बाईचं आडनाव. माझ्या पेशीवर एखादी खूण असेल, तुझ्या आईच्या पेशीवर नसेल. तशी खूण असलेलं रक्त तिला दिलं की शरीर म्हणतं, हा कोण परका? आणि मग शरीर प्रतिपिंडं बनवतं (प्रतिपिंड म्हणजे परक्या खुणेला जाऊन चिकटणारं प्रथिन). ती चिकटली की त्या पेशी फुटतात."

"पण मग पहिल्या तपासणीत ती का दिसली नाहीत?"

"तुमच्या गल्लीत कुत्री आहेत?"

"आहेत की. पाच."

"एखाद्या अनोळखी माणसावर ती एकदा भुंकली, त्याला हाकलला. मग काही दिवसांनी गप्प झाली, झोपली. आता तू दुपारी जाऊन कान दिलास तर काय ऐकू येईल?"

"काहीच नाही."

"बरोबर. तू म्हणशील, या गल्लीत कुत्रीच नाहीत. पण तोच माणूस वर्षांनी परत आला तर? पहिल्यापेक्षा दुप्पट भुंकतील, कारण वास त्यांच्या लक्षात आहे. प्रतिपिंड म्हणजे ते भुंकणं. काही वर्षांत प्रतिपिंडं इतकी कमी होतात की तपासणीत सापडत नाहीत. किडची तर हमखास अशी लपतात. पण शरीरात स्मृतिपेशी (एकदा पाहिलेला परका लक्षात ठेवणाऱ्या पेशी) झोपून असतात. पुन्हा तीच खूण दिसली की आठवड्याभरात प्रतिपिंडांचा लोंढा येतो. पहिल्या दिवशी जुळलेलं रक्त आठव्या दिवशी जुळत नाही."

"म्हणजे रक्त आईच्या आतच फुटलं?"

"हो. फुटलेल्या पेशींतल्या लाल पदार्थापासून पिवळं द्रव्य तयार होतं, ते डोळ्यांत दिसतंय. उरलेलं लघवीतून जातंय. मूत्रपिंडांवर ताण येतोय. आता तिसरी पिशवी गेली असती ना..." बाई तिथंच थांबल्या. पुढचं मला न सांगता कळलं.

तेवढ्यात डॉक्टर आले. "सापडलं. किडचं प्रतिपिंड. चांगलं जोरदार आहे."

बाई आईच्या उशाशी वाकल्या. "ईश्वरी, तुम्हाला आधी कधी रक्त दिलं होतं?"

"नाही हो," आई म्हणाली. बाबाही म्हणाले, "नाही, कधीच नाही."

"इतक्या वेगानं प्रतिपिंड उठलंय, म्हणजे शरीरानं ही खूण आधी पाहिलेली आहे. शरीर खोटं बोलत नाही." मग बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "हिचा जन्म कुठं झाला?"

"सांगोल्याला," बाबा म्हणाले. "पहिलं बाळंतपण माहेरी, आमच्यात पद्धत आहे."

"आणि माहेरी ईश्वरींना काय नावानं हाक मारतात?"

"सायली," आई पुटपुटली. हल्ली लग्नात बायकोचं नाव कोणी बदलत नाही म्हणे. आमच्या घरात बदललं. आई लग्नाआधी सायली लिगाडे होती. सांगोल्यात आजही तिला कोणी ईश्वरी म्हणत नाही. तिथल्या दवाखान्यात कोणी तिचं नाव सांगितलं असेल, तर ते सायलीच सांगितलं असणार! आणि डबा शोधत होता ईश्वरीला.

बाई आता आजीकडे बघत होत्या. "आजी, बाळंतपणाच्या वेळी जवळ कोण होतं?"

"मीच व्हते," आजी थर्मासचं झाकण फिरवत म्हणाली. "पर तसलं काय न्हाई झालं. रक्त-बिक्त कुनी न्हाई दिलं."

"आजी, माझ्याकडे बघून सांगा."

आजीनं बघितलं नाही. झाकण तेवढं फिरत राहिलं. मग ती एकदम हुंदके देऊन रडायला लागली. "एक पिशवी दिली वो. पोरगी शुद्धीत नव्हती. लई रक्त चाललं व्हतं. मीच डाक्टरला म्हनलं, हे सासरी कळू देऊ नगा. तिलाबी सांगू नगा. लोक काय म्हनत्याल, पोरगी नाजूक व्हती न् आमच्या गळ्यात मारली. दुसऱ्याचं रक्त अंगात घेतलेली सून! कुनाकुनाला तोंड देनार व्हते मी?"

मला आजीचा इतका राग आला की काय सांगू. ती पिशवी माझ्या जन्माच्या वेळी दिली होती, आणि बारा वर्षं हे एका बाईच्या पदराखाली लपलं होतं. कशासाठी? तर लोक काय म्हणतील! बाबांकडे बघितलं तर ते खाली बघत होते. ते हळूच म्हणाले, "मामी, आम्ही एवढे वाईट होतो का हो?" (बाबा सासूला मामी म्हणतात.) आजी नुसती डोळे पुसत राहिली. मला वाटतं, तेव्हा ते खरंच तसे असतील, निदान त्यांच्या घरातली मोठी माणसं तरी. कारण बाबांनी पुन्हा विचारलं नाही.

आई डोळे मिटून पडली होती. तिच्या कानावर सगळं गेलं होतं. तिनं फक्त हात आजीच्या दिशेनं सरकवला. मी तिच्या जागी असते तर सरकवला नसता.

रणपिसेबाईंनी आजीची समजूत बिमजूत काढली नाही. "लपवलंत ते वाईट केलंत," त्या म्हणाल्या. "पण तुम्हाला इथं कोणी विचारलंच नाही, हेही खरं. बारा वर्षांपूर्वीचं कळलं असतं, तर पहिल्याच दिवशी मी खोलात तपासणी करायला लावली असती. आता रडत बसू नका, चहा द्या सगळ्यांना."

किडची ती खूण नसलेलं रक्त शोधायला लागलं. दर चार-पाच माणसांत एखाद्याचं तसं असतं, त्यामुळं मिळालं. बाईंनी नाव विचारलं, पिशवीवरचा क्रमांक आणि आईच्या मनगटावरची पट्टी दोघींनी, म्हणजे त्यांनी आणि सिस्टरनी, वेगवेगळी वाचली. मग थेंब पडायला लागले. सुरुवातीचा पाव तास बाई हलल्या नाहीत. "खरं काही बिघडायचं असेल तर पुष्कळदा याच वेळात बिघडतं," त्या म्हणाल्या. आई वाचली. पण मूत्रपिंडांना मार बसला होता तो बसलाच. तीन आठवडे तिला यंत्रानं रक्त शुद्ध करून घ्यावं लागलं. घरी गेल्यावर पाचव्या दिवशी शिवणकाम हातात घेईन म्हणणारी माझी आई महिन्याभरानं भिंत धरून चालायला लागली. आणि हे सगळं 'माहेरचं नाव काय?' एवढ्या एका प्रश्नानं टळलं असतं, हे मला अजून पचत नाही.

तुम्हाला वाटेल, यानंतर रणपिसेबाईंना हार घातले असतील. घातला, पण रक्तदूताला! हॉस्पिटलच्या सभागृहात कार्यक्रम झाला. रक्तदूतात 'नवी सुधारणा' बसवली होती. आता ताज्या नमुन्याशिवाय तो पिशवी देत नाही आणि बायकांना माहेरचं नाव विचारतो. हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी भाषण केलं, टाळ्या झाल्या. रणपिसेबाई त्या वेळी खिडकीत पास देत होत्या. आईचा जीव वाचला म्हणून रक्तदूताला पुष्पगुच्छ द्यायला मला बोलावलं होतं. मी स्टेजवर गेले आणि माईकवरून डब्याला विचारलं, "हा प्रश्न तुला कोणी शिकवला?"

"माहितीचा स्रोत उपलब्ध नाही," डबा म्हणाला.

"मग लिहून घे. सुहासिनी रणपिसे."

"धन्यवाद. या व्यक्ती रुग्ण आहेत का?"

"नाहीत."

"मग नोंद करता येत नाही."

लोक हसले. मला काही हसू आलं नाही. मी गुच्छ तसाच टेबलावर टाकून उतरले. बाबा घरी येईपर्यंत माझ्यावर ओरडत होते.

दुसऱ्या दिवशी नव्या रक्तदूतानं मोडक्या पायाच्या एका पहिलवानाला माहेरचं नाव विचारलं म्हणे. सिस्टरनी पोट धरून हसत हे बाईंना सांगितलं. बाई हसल्या नाहीत. "त्याला एक प्रश्न मिळाला, माणूस बघून विचारायचं त्याला कुठून येणार? उद्या एखाद्या लेकराला दोन घरांत दोन नावांनी वाढवलं असेल, तेव्हा वेगळाच प्रश्न लागेल." पण त्यानंतर एक गोष्ट झाली. सिस्टर पासच्या खिडकीला फोन करायला लागल्या. आधी चोरून, मग उघड. बाई, या पेशंटला ताप आलाय, पिशवी थांबवू का? बाई, या काका नीट बोलत नाहीत, नाव कसं विचारू? खिडकीतला फोन इतका वाजायला लागला की पासची रांग रस्त्यापर्यंत गेली, आणि तेव्हा कुठं साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला. आता रणपिसेबाई आठवड्यातून दोन दिवस वॉर्डात असतात, 'प्रायोगिक तत्त्वावर'. उरलेले दिवस खिडकी. ज्यांना रक्त लागेल त्यांनी ते सोमवारी किंवा गुरुवारीच लागू द्यावं, असं मी म्हटलं, तर बाबांनी पुन्हा डोळे वटारले. डॉक्टर हंचाटे मात्र हळूच म्हणाले, "पूर्ण आठवड्यासाठी अर्ज दिलाय मी. यंत्रही राहील, बाईही राहतील. दोघं लागतात."

परवा सोमवारी आईला तपासणीला नेलं. आजीही हट्टानं आली. बाईंनी आईसाठी एक कार्ड तयार केलं होतं. त्यावर लिहिलंय की हिच्या रक्तात किडचं प्रतिपिंड आहे, तपासणीत दिसलं नाही तरी आहे. कुठल्याही गावात, कुठल्याही दवाखान्यात हे कार्ड दाखवायचं. नावाची जागा मोकळी होती. बाई पेन घेऊन बसल्या.

"तुमचं नाव सांगा."

"अहो बाई, तुम्ही नाही ओळखत होय मला?" आई हसायला लागली.

"नाव सांगा."

आईनं एकदा आजीकडे बघितलं. मग ती ताठ बसली आणि बाहेरच्या बाकावरही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ईश्वरी अभिजित म्हेत्रे. माहेरची सायली लिगाडे. पहिल्या बाळंतपणात मला सांगोल्यात एक पिशवी रक्त दिलं होतं."

आजीनं पदर तोंडाला लावला. पण या वेळी तिनं मान खाली घातली नाही. "व्हय," ती म्हणाली, "मी तिथंच व्हते."

बाईंनी दोन्ही नावं लिहून घेतली.